परक्या शहरात घर शोधताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे विस्कळीत झाले होते, ते स्मरणिकेसाठी थोडे सावरून घेतले आहे.)



सेक्रेटरी काकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "काका, मी काय बोलणार? मी काही तज्ज्ञ नाही." तर ते म्हणाले, "अगं, या वर्षात आपल्या दोन विंगमधून तीन कुटुंबं बाहेर चालली आहेत, तीनही लहान मुलं घेऊन. व्हिसाचं एजंट सांगतो, विमानाचं ट्रॅव्हलवाला सांगतो. तिथं गेल्यावर राहायचं कुठं, हे कोणी सांगत नाही. तू आठ वर्षं काढलीस तिथं, तेवढं सांग." म्हणून उभी आहे. आणि समोर ज्या काकू बसल्यात, त्यांनी मला गच्चीवरच्या वाळवणातल्या कुरडया चोरताना पकडलेलं आहे, तेव्हा मी फार शहाणपणाचं बोलू लागले तर थांबवायला त्या आहेतच.

मी फक्त मेलबर्नबद्दल बोलणार आहे, कारण मला तेवढंच माहीत आहे. लंडनला किंवा टोरांटोला जाणाऱ्यांनी आपापला हिशोब करावा.

आम्ही 2017 च्या जूनमध्ये गेलो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोनचा व्हायचा होता. यांना मेलबर्न शहराच्या मध्यभागी नोकरी मिळाली होती. घर आम्ही इथूनच, डोंबिवलीतून शोधलं. रात्री मुलं झोपली की दोघं कॉम्प्युटरसमोर बसायचो. तिथं भाडं आठवड्याचं सांगतात, हे आधी लक्षातच येत नाही. आपण महिन्याचं समजून खूश होतो आणि मग चारने गुणल्यावर गप्प होतो. तर आम्हाला दिसलं, की टार्नीट नावाच्या सबर्बमध्ये आठवड्याला 370 डॉलरला चार बेडरूमचं कोरं घर मिळतंय. दोन बाथरूम, मागे अंगण, दोन गाड्यांचं गॅरेज. तेवढ्याच पैशात शहराच्या दुसऱ्या बाजूला दोन बेडरूमचं जुनं युनिट मिळत होतं. तुम्हीच सांगा, आपल्या बी विंगच्या पावणेसहाशे फुटांत वाढलेली मुलगी काय निवडेल?

यांच्या एका मित्राने घर बघून व्हिडिओवर दाखवलं. भाडेकरार एक वर्षाचा. महिन्याचं भाडं अनामत, महिन्याचं आगाऊ. तिथं नव्याने येणाऱ्याला घर मिळायला त्रास होतो, कारण एजंट आधीच्या घरमालकाचा दाखला मागतो आणि तो आपल्याकडे नसतो. त्यामुळे घर मिळालं यातच आम्हाला केवढं मोठं यश वाटलं! फोटो सगळ्या ग्रुपवर गेले. माझ्या मावशीने लिहिलं, "बंगलाच की गं!" मीही "हो ना" म्हणून हसणारी चित्रं पाठवली.

आता टार्नीट कुठं आहे ते सांगते. शहराच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण पंचवीस किलोमीटर. 2015 मध्ये तिथं रेल्वे स्टेशन झालं, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा दोनच वर्षांचं. ही गाडी शहरातल्या लोकलच्या जाळ्यातली नाही. जिलॉन्गकडून येणारी डिझेलची गाडी आहे, पण ती अर्ध्या तासात मोठ्या सदर्न क्रॉस स्टेशनला नेऊन सोडते. यांचं ऑफिस तिथून चालत आठ मिनिटं. डोंबिवलीहून फास्ट पकडून सव्वा तास लोंबकळणाऱ्या माणसाला हा स्वर्ग होता. बसायला जागा मिळायची! हे रोज संध्याकाळी आल्यावर सांगायचे, "आज पण खिडकी मिळाली."

स्टेशन घरापासून अडीच किलोमीटर. गाडी एकच. हे सकाळी साडेसहाला निघायचे, कारण स्टेशनवरचं पार्किंग लवकर भरून जायचं. म्हणजे आमची गाडी दिवसभर स्टेशनला उभी आणि मी दिवसभर घरात. मला इथं ॲक्टिव्हा चालवता यायची, पण चारचाकी नाही. तिथं कायमचे राहायला गेलेल्यांना भारतातलं लायसन्स पहिले सहा महिने चालतं, मग लेखी परीक्षा, धोके ओळखायची परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा देऊन तिथलं घ्यावं लागतं. माझ्याकडे तर मुळात काहीच नव्हतं.

मुलीची शाळा चांगली होती, हे आधी सांगते. शिक्षक प्रेमळ, मुलीला इंग्रजी बोलायची भीती दोन महिन्यांत गेली. पण शाळा घरापासून एक किलोमीटर सातशे मीटर. नकाशावर बोटभर अंतर. मी मुलाला बाबागाडीत घालून तिला सोडायचे आणि परत यायचे. दुपारी तो नेमका गाढ झोपलेला असायचा, त्याला उठवून रडत्या मुलाला घेऊन पुन्हा जायचं आणि दोघांना घेऊन यायचं. चार खेपा, म्हणजे रोजचे जवळजवळ सात किलोमीटर. इथं आपण वाऱ्याला वारा म्हणतो, त्याला काही अर्थ नाही. मेलबर्नच्या पश्चिमेचा तो सगळा भाग सपाट, झाडं कमी, जमिनीखाली आपल्यासारखाच काळा बेसॉल्ट. हिवाळ्यात तिथं वारा आडवा लागतो, बाबागाडीचं प्लास्टिकचं झाकण फाडून टाकतो. नव्या वस्तीतले फूटपाथ मध्येच संपायचे आणि पुढे चिखल असायचा.

दूध संपलं तर दुकान शाळेच्या उलट्या दिशेला. बस होती, नाही असं नाही. पण स्टॉपपर्यंत जायचं, थांबायचं, बाबागाडी चढवायची आणि परतीची बस चुकली की मुलीच्या शाळेची वेळ चुकायची. म्हणून मी दुधाशिवायचा चहा प्यायला शिकले.

आणि माणसं. मला वाटलं होतं, टार्नीटमध्ये एवढे भारतीय आहेत, दिवस मजेत जाईल. भारतीय खरोखरच खूप आहेत, पंजाबी तर सगळीकडे ऐकू येते. पण सगळे कामावर! सकाळी गॅरेजचं दार आपोआप वर जातं, गाडी बाहेर येते, दार खाली येतं. संध्याकाळी उलट. आमच्या शेजारच्या घरात कोण राहतं हे मला तीन महिने माहीत नव्हतं, मला फक्त त्यांच्या गाडीचा रंग माहीत होता. आपल्याकडे जिन्यात चप्पल वाजली तरी कोण आलं ते कळतं. तिथं जूनमध्ये संध्याकाळी सव्वापाचच्या आत अंधार पडायचा. हे साडेसहाला यायचे. त्या मधल्या तासाभरात मी खिडकीशी उभी राहून कोणाच्या तरी गॅरेजचं दार उघडायची वाट बघायचे. चार बेडरूमपैकी दोनमध्ये आम्ही हीटर लावतच नव्हतो, बिल परवडायचं नाही. म्हणजे बंगला होता, पण आम्ही राहत होतो दोन खोल्यांतच.

हे मी कोणाला सांगितलं नाही. ज्या घराचे फोटो पाठवून कौतुक करून घेतलं, त्या घरात मला बरं वाटत नाही, हे सांगणार कोणत्या तोंडाने? आईचा फोन आला की मी मागचं अंगण दाखवायचे. यांना सांगावं, तर हे बिचारे खिडकी मिळाल्याच्या आनंदात.

फुटलं ते असं. तिथं प्रत्येक नगरपालिकेची माता-बाल आरोग्य सेवा असते, मोफत. मूल जन्मल्यापासून साडेतीन वर्षांचं होईपर्यंत ठरावीक दहा तपासण्या. मुलाची दोन वर्षांची तपासणी होती, म्हणून यांनी अर्धा दिवस रजा घेतली. नर्सने त्याची उंची-वजन घेतलं, ठोकळे रचायला दिले. मग वही बंद केली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?" मी "छान" म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. नर्सने घाई केली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आठवड्यात घराबाहेरच्या किती मोठ्या माणसांशी बोलता?" मी मोजलं. मुलीच्या बाई, दुकानातली मुलगी, आणि शाळेजवळ हातात 'स्टॉप'ची पाटी घेऊन रस्ता ओलांडून देणारे आजोबा. तीन. ते आजोबा फक्त "गुड मॉर्निंग" म्हणायचे, पण मी त्यांना धरले होते.

यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्या रात्री आम्ही भांडलो नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मुलीच्या चित्रकलेच्या वहीतला कागद घेतला आणि चार रकाने केले, चौघांचे. प्रत्येकाचा मंगळवार लिहिला. मंगळवारच का, तर शनिवार-रविवार कुठंही बरा जातो. कोण किती वाजता उठतं, कुठं जातं, कशाने जातं, कोण भेटतं, काही लागलं तर काय करतं. यांचा रकाना भरगच्च आणि आनंदी. मुलीचा बरा. माझ्या आणि मुलाच्या रकान्यात सकाळी सव्वानऊ ते दुपारी पावणेतीन काहीच लिहिता येईना. आम्ही अख्खं घर एका माणसाच्या मंगळवारासाठी घेतलं होतं, आणि तो माणूस त्या घरात दिवसा नसायचाच.

टार्नीटची बदनामी करायला मी उभी नाही. आमच्याच रस्त्यावर एक नगरचं कुटुंब होतं, नंतर ओळख झाली. दोघंही गाडी चालवणारे, दोघंही कामावर, मुलं मोठी. त्यांना ते घर सुखाचं होतं, पुढे त्यांनी तिथंच घर बांधलं. शिवाय मी सांगते आहे ते 2017 चं. त्यानंतर तिथं नव्या शाळा झाल्या, दुकानं झाली. पण नव्या वस्तीत घरं आधी येतात आणि बाकीचं मागून येतं, हे तिथंही तसंच आहे जसं आपल्याकडे. ज्यांचं मूल आज दोन वर्षांचं आहे, त्यांना पाच वर्षांनी होणाऱ्या बागेचा उपयोग नाही.

करार मोडला तर पैसे भरावे लागतात, म्हणून वर्ष तिथंच काढलं. मधल्या काळात मी गाडी शिकायला सुरुवात केली, आणि दर शनिवारी आम्ही एकेक सबर्ब पायी बघितला. घर नाही हं, सबर्ब. डबा घेऊन जायचो. स्टेशनवर उतरून बाबागाडी ढकलत शाळा, दूध, डॉक्टर, बाग, वाचनालय एवढं गाठायचं आणि घड्याळ बघायचं. वाचनालयात लहान मुलांसाठी गोष्टी आणि गाण्यांचा तास असतो, फुकट, तो कोणत्या वारी आहे ते विचारायचं. डॉक्टरकडे 'बल्क बिलिंग' आहे का ते विचारायचं, म्हणजे फी थेट सरकारच्या मेडिकेअरकडे जाते, आपल्या खिशातून काही जात नाही.

शाळांचं थोडं सांगते, कारण इथं सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात. तिथं सरकारी शाळेला हद्द असते. तुम्ही हद्दीत राहत असाल तर त्या शाळेत तुमच्या मुलाला जागा मिळतेच. नसाल तर जागा उरली तर. हद्द सरकारच्या 'फाइंड माय स्कूल' या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघता येते. पूर्ण पत्ता टाका, सबर्बचं नाव नाही, कारण रस्त्याच्या या बाजूचं घर एका शाळेत आणि समोरचं दुसऱ्या, असं होतं. एजंट जाहिरातीत "शाळेजवळ" लिहितो, हद्दीबद्दल बोलत नाही. ग्लेन वेव्हर्लीसारख्या ठिकाणी माध्यमिक शाळेच्या नावामुळे त्या हद्दीतली भाडी चढलेली असतात. आम्हीही तिथं गेलो, भाडं ऐकलं, आइस्क्रीम खाल्लं आणि परत आलो. सहा वर्षांच्या मुलीसाठी सातवीची शाळा धरून भाडं भरण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. तिसरी, पाचवी, सातवी, नववीला नॅपलॅन नावाची देशभर परीक्षा असते, तिचे शाळावार आकडे बघायला मिळतात. बघा, पण त्यावर घर ठरवू नका. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर जाऊन उभे राहा. आया एकमेकींशी बोलतात की गाडीतच बसून राहतात, ते बघा. मला त्यातून जास्त कळलं. आणि ज्यांची मुलं पाचच्या आसपास आहेत त्यांच्यासाठी: वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं आणि त्या वर्षी 30 एप्रिलपर्यंत मुलाला पाच पूर्ण हवीत.

शेवटी आम्ही क्लेटनला गेलो, 2018 च्या जूनमध्ये. शहराच्या आग्नेयेला, लोकलच्या मार्गावर. नुकतीच तिथली रेल्वे जमिनीवरून उचलून पुलावर नेली होती, जुनं फाटक गेलं होतं. घर म्हणाल तर दोन बेडरूमचं जुनं युनिट, एका मोठ्या प्लॉटवर मागे-मागे बांधलेल्या चार युनिटांपैकी तिसरं. स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या तर एकीला बाहेर जावं लागतं. भाडं आठवड्याला 395, म्हणजे टार्नीटपेक्षा 25 डॉलर जास्त, निम्म्या जागेला. मावशीने फोटो मागितला, मी पाठवला नाही.

पण शाळा सात मिनिटांवर. स्टेशन दहा. क्लेटन रोडवर भारतीय वाणसामानाची दुकानं, चिनी भाजीवाले, कोथिंबीर आणि कढीपत्ता पायी जाऊन आणता येतो. जवळच मोनाश विद्यापीठ आणि मोठं रुग्णालय. याचा फायदा मला आधी कळला नव्हता. जिथं कॉलेज आणि रुग्णालय असतं, तिथं भर दुपारी रस्त्यावर माणसं असतात. कोणी ड्यूटीवरून येतंय, कोणी लेक्चरला चाललंय. मला बोलायलाच हवं असं नव्हतं. माणसं दिसायला हवी होती. यांचा प्रवास पाच-सात मिनिटांनी वाढला आणि खिडकी गेली.

भाड्याचा हिशोबही आम्ही चुकीचा केला होता. टार्नीटला राहिलो असतो तर दुसरी गाडी घ्यावीच लागली असती. तिची किंमत, दर वर्षीचं रजिस्ट्रेशन, विमा, पेट्रोल. क्लेटनला ती गाडी आम्ही चार वर्षं घेतली नाही. स्वस्त भाड्याचं घर आणि दोन गाड्या, महाग भाड्याचं घर आणि एक गाडी, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून बघा.

इथं एक काका मघाशी वास्तूचं विचारत होते. काका, दिशांचं एक मात्र नक्की सांगते. तिथं सूर्य दुपारी उत्तरेकडून असतो, आपला देश खाली आहे ना तो! त्यामुळे ज्या घराच्या बसायच्या खोलीची खिडकी उत्तरेला, ते हिवाळ्यात ऊबदार. आमचं टार्नीटचं घर आम्ही इथल्या हिशोबाने पूर्वेचं दार बघून घेतलं होतं, आणि बसायची खोली दक्षिणेला. थंडीत ती कधी तापलीच नाही. क्लेटनच्या त्या काडेपेटीत मात्र सकाळी दहापासून ऊन असायचं, पापड सुद्धा वाळवले मी.

आता इथं बसलेल्या आजी-आजोबांसाठी. तुमची मुलं बोलावतील, तुम्ही तीन-चार महिने जाल. तुमचाही रकाना त्या कागदावर असू द्या, आत्ताच सांगा मुलांना. आई-बाबा 2019 मध्ये आमच्याकडे आले. बाबा रोज सकाळी दहाला वाचनालयात जाऊन बसायचे, पेपर वाचायचे, तिथल्या एका ग्रीक आजोबांशी त्यांची दोस्ती झाली. दोघांनाही एकमेकांचं इंग्रजी कळायचं नाही, असं बाबाच सांगतात. आईला पहिल्याच आठवड्यात चिनी भाजीवाली ओळखायला लागली. परत निघताना आई म्हणाली, "घर लहान आहे गं, पण मी एकदाही वाट बघत बसले नाही."

मग मला आठवलं. 2000 साली परळच्या चाळीतून निघताना बाबांनी दोन जागा बघितल्या होत्या. एक बदलापूरला, हॉल-किचन आणि दोन बेडरूम. दुसरी ही, एक खोली कमी आणि पैसे तेवढेच. बाबांना बदलापूरची हवी होती. आईने सांगितलं, "तुम्ही सकाळी सातला जाणार आणि रात्री आठला येणार. तिथं दिवसभर मी आणि पोरगी राहणार आहोत." आणि ती एका मंगळवारी, हो, मंगळवारीच, सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन तशीच गाडीत बसून एकटी डोंबिवलीला आली. स्टेशनपासून इथपर्यंत भाजीची भरलेली पिशवी घेऊन चालून बघितलं. वाटेत शाळा किती मुलींची, पिठाची गिरणी कुठं, पाणी किती वाजता येतं, हे विचारत आली. बाबा, खरं आहे ना? बघा, मान हलवतायत. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि एक खोली कमी झाली म्हणून आठ दिवस आईशी बोलले नव्हते.

ए विंगमधली जी मुलगी पुढच्या महिन्यात निघते आहे, तिला मी तो चार रकान्यांचा कागद काढून दिला आहे. तिचं मूल दीड वर्षाचं आहे, तिला गाडी येते, पण हिवाळ्यात पोचणार आहे. तिला म्हटलंय, इथून वर्षाचा करार करू नकोस. पहिले तीन-चार आठवडे कुठंतरी तात्पुरती जागा घे, महाग पडली तरी घे, आणि मंगळवारी फिर. घर विकत घेण्याचं तर पहिल्या वर्षी नावच काढू नकोस. सही करायच्या आधी मला फोन कर. आपण तिथं साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेपाच, तेव्हा इथल्या रात्री दहाला करू नकोस, मी झोपलेली असते. सकाळी कर, मी वाचनालयाच्या वाटेवर असते.

काकू, आता तुमचा प्रश्न.